अकरा इंचांची नोंद

मे 2025 च्या अखेरच्या आठवड्यात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील त्या महिन्याच्या पावसाची बेरीज 279.4 मिलिमीटरच्या पुढे गेली आणि 1918 सालच्या मे महिन्याचा, म्हणजे 107 वर्षांपूर्वीचा, विक्रम मोडला. मोसमी पाऊसही त्याच आठवड्यात, 26 मे रोजी, मुंबईत दाखल झाला. 1950 नंतरच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधीच आलेला नव्हता. बातमी मोठी होती आणि तिच्यावर चर्चा होणे साहजिक होते, पण ती ज्या वाटेने गेली ते पाहून वाईट वाटले. एका बाजूने विचारणा झाली की 1918 साली कुणी आणि कशाने मोजले हे आज कोण सांगणार, आणि शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवलेले असताना बेटाच्या दक्षिण टोकावर रोज सकाळी साडेआठ वाजता मोजपात्र हातात घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाची गरजच काय उरली आहे. दुसऱ्या बाजूने उत्तर आले की यंत्रे बिघडतात, अनुभवी माणसाचा डोळा चुकत नाही. आजचा आकडा अधिक अचूक कोण देतो, एवढ्या एकाच प्रश्नाभोवती दोन्ही बाजू फिरत राहिल्या, आणि ज्या गोष्टीमुळे ही बातमी मुळात होऊ शकली तिच्याकडे कुणाचे लक्षच गेले नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. स्वयंचलित केंद्रे हवीत, आजच्यापेक्षा कितीतरी अधिक हवीत. पण ज्या मोजक्या वेधशाळांत पन्नास, शंभर, दीडशे वर्षे एकाच जागी, एकाच पद्धतीने नोंदी झाल्या आहेत, त्या ठिकाणची माणसाने घेतलेली नोंद बंद करणे ही भरून न येणारी हानी आहे, आणि बदल अटळच असेल तर जुने व नवे उपकरण काही वर्षे शेजारीशेजारी चालवल्याशिवाय तो होता कामा नये. हा आग्रह माणूस यंत्रापेक्षा श्रेष्ठ आहे म्हणून नाही. वेधशाळेची खरी कमाई आजच्या आकड्यात नसते. आजचा आकडा कालच्या आणि शंभर वर्षांपूर्वीच्या आकड्याशेजारी ठेवता येतो, यात ती असते. ही सलगता एकदा तुटली की पैसे ओतून पुन्हा विकत घेता येत नाही.

त्या 279.4 या आकड्याला 25.4 ने भागून पाहावे. उत्तर नेमके 11 येते, मागे काही उरत नाही. म्हणजे मूळ नोंद इंचांतली आहे: 1918 च्या त्या मे महिन्यात कुलाब्याला अकरा इंच पाऊस पडला होता. पुढे देशाने दशमान पद्धत स्वीकारली आणि इंचांचे मिलिमीटर झाले. मधल्या काळात एकक बदलले, राज्यकर्ते बदलले, शहराचे नाव बदलले. तरीही 2025 चा पाऊस 1918 च्या पावसाशी ताडून पाहता आला, कारण बदल कधी आणि कसा झाला हे दर वेळी कुणीतरी लिहून ठेवले होते. विक्रम मोडल्याचा आनंद किंवा धास्ती वाटणाऱ्या प्रत्येकाने त्या अनाम लिहिणाऱ्यांच्या भरवशावरच ती बातमी वाचली. मग त्यांची नोंद खोटी कशावरून नाही, असे विचारणाऱ्यांना विक्रमाचा उल्लेख तरी करता येईल का?

कुलाब्याच्या वेधशाळेचा जन्म पावसासाठी झाला नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीने ती 1826 मध्ये उभारली ती खगोलनिरीक्षणासाठी आणि वेळ राखण्यासाठी. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ लागत असे. हवामानाची आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित निरीक्षणे तेथे 1841 पासून, एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली सुरू झाली. पुढे लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेलेले गणिती केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत नोकरीला होते, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी; कारण वेधशाळा म्हटले की गोऱ्या साहेबाचे चित्र डोळ्यांपुढे येते आणि रात्री-अपरात्री कंदिलाच्या उजेडात आकडे उतरवणारे देशी हात विसरले जातात. त्याच्या थोडे आधी, 1820 च्या दशकात, कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनभर फिरताना वायुभार, तापमान आणि पाऊस मोजला होता आणि ती निरीक्षणे 1835 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. साइक्स विलक्षण चिकाटीचा निरीक्षक होता. पण तो गेला आणि त्याच्या नोंदी थांबल्या. त्या आज अभ्यासकाला कुतूहल म्हणून वाचता येतात. दख्खनचे हवामान बदलले का, हे त्यांवरून ठरवता येत नाही. निरीक्षक हुशार असणे आणि नोंद पुढे चालत राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी अधिक दुर्मीळ आहे.

नोंद ठेवणाऱ्याला तिचा उपयोग ठाऊक असतोच असे नाही, याचे कुलाब्याइतके सुंदर उदाहरण जगात थोडेच सापडेल. 1 आणि 2 सप्टेंबर 1859 या दिवशी सूर्यावरच्या प्रचंड उद्रेकामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बंद पडली. कुलाब्याच्या वेधशाळेत तेव्हा चुंबकीय क्षेत्राची नोंद तासातासाने, आणि सुई अस्वस्थ झाली की काही मिनिटांच्या अंतराने, डोळ्यांनी वाचून वहीत लिहिली जात होती. सुई एवढी का भरकटली हे त्या कर्मचाऱ्यांना कळणे शक्य नव्हते. त्यांनी फक्त आकडे लिहिले. 2003 मध्ये, म्हणजे 144 वर्षांनी, भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता काढली: कुलाब्याला चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरले होते. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या सौर वादळात किती टिकतील याचा अंदाज बांधताना जगभरचे अभ्यासक या नोंदीकडे येतात. 1859 मध्ये कुणी हिशेब मागितला असता की या नोंदींचा फायदा काय, तर वेधशाळेला समाधानकारक उत्तर देता आले नसते.

पण मला याहूनही मोलाची वाटते ती पुढची हकिगत, कारण आजच्या वादाचे उत्तर तिच्यात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणायचे ठरले. विजेच्या प्रवाहामुळे चुंबकीय उपकरणांत ढवळाढवळ होणार हे उघड होते. वेधशाळेचे संचालक होते नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस, त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. मूस यांनी ट्रामला विरोध करीत बसण्यात काळ घालवला नाही आणि जुने तेच चांगले असेही म्हटले नाही. खाडीपलीकडे अलिबागेला, चुंबकाचा परिणाम न होणारे दगड वापरून, नवी वेधशाळा बांधली गेली, आणि 1904 ते 1906 अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन्ही ठिकाणच्या आकड्यांत नेमका किती फरक पडतो हे त्या दोन वर्षांत कळले आणि कुलाब्याची मालिका अलिबागेच्या मालिकेला जोडली गेली. मुंबईत विजेची पहिली ट्राम 1907 मध्ये धावली. तोवर काम झालेले होते. त्या दूरदृष्टीमुळेच एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंतची अखंड चुंबकीय नोंद आपल्याकडे आहे. योगायोग असा की याच 1904 साली स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस शिखरावरची वेधशाळा पैशांअभावी बंद झाली. जवळजवळ वीस वर्षे तेथे निरीक्षकांनी हिमवादळातही दर तासाला बाहेर पडून नोंदी घेतल्या होत्या. त्या नोंदी अनमोल आहेत, पण त्यांच्यापुढे रिकामी जागा आहे. दोन वेधशाळा, एकच साल, आणि दोन निर्णय.

आता विरोधकांचे सर्वांत बळकट म्हणणे घेऊ. एका वेधशाळेवरून शहराचा पाऊस सांगता येत नाही, हे त्यांचे म्हणणे पूर्णपणे खरे आहे आणि 2005 ने ते निर्दयपणे सिद्ध केले. त्या 26 जुलैला सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच काळात कुलाब्याला तो अवघा 73 मिलिमीटरच्या आसपास होता. एका शहरात, पंचवीसेक किलोमीटरच्या अंतरात, एकीकडे माणसे मोटारींत गुदमरून मरत होती आणि दुसरीकडे नेहमीचा पावसाळी दिवस होता. (हवामानशास्त्रात सकाळी साडेआठला संपणाऱ्या 24 तासांचा पाऊस मोजणीच्या तारखेला लिहितात, त्यामुळे आपण ज्याला 26 जुलैचा पाऊस म्हणतो तो अधिकृत तक्त्यात 27 जुलैच्या रकान्यात सापडतो. नोंदीचे नियम न जाणता आकड्यांवर भांडण्याचे हे एक नमुनेदार कारण आहे.) त्यानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभे केले, ते योग्यच केले. खेड्यांत तर गरज आणखी तीव्र आहे. राज्यात महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी मानली जाते आणि पंचनाम्याची, भरपाईची वाट मोकळी होते. तालुक्याच्या गावी एकच पर्जन्यमापक असताना वीस किलोमीटरवरच्या शिवारातली वाहून गेलेली बांधबंदिस्ती कागदावर दिसतच नसे. महावेध प्रकल्पातून दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे आली, त्यामुळे हा अन्याय पुष्कळ कमी झाला. शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या भरपाईचा प्रश्न असताना जुन्या वहीचे गोडवे गाणे मला शक्य नाही.

मात्र या युक्तिवादातून जुनी वेधशाळा बंद करण्याचा निष्कर्ष निघतो कसा? पाऊस कोठे पडला हे जाळ्याची घनता सांगते. पाऊस बदलला का हे मालिकेची लांबी सांगते. एकीचे काम दुसरीला करता येत नाही. मुंबईची जुनी गटारे ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती आणि पुढे ती 50 मिलिमीटरसाठी सुधारण्याचे ठरले. सांताक्रूझला 2005 च्या त्या दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात सुमारे 190 मिलिमीटर पाऊस झाला. असा तास किती वर्षांतून एकदा येतो, गटार किती रुंद हवे, पुलाची कमान किती उंच हवी, धरणाचा सांडवा किती पाणी सोडू शकला पाहिजे, या प्रश्नांची उत्तरे आठ-दहा वर्षांपूर्वी बसवलेली शंभर यंत्रे मिळूनही देऊ शकत नाहीत. ती देणारी माहिती दीर्घ मालिकेत असते. नवे जाळे विणताना जुना खांब उखडून टाकला तर जाळे कशाला बांधणार?

दुसरा आक्षेप माणसावरचा आहे आणि तोही हलक्यात घेण्यासारखा नाही. निरीक्षक रजेवर जातो आणि दोन दिवसांचे पाणी एकाच दिवशी मोजले जाते. घरी बसून अंदाजाने आकडा भरला जातो. शून्य आणि पाच या अंकांवर संपणारी मापे वहीत वाजवीपेक्षा जास्त दिसतात, कारण डोळा सोप्या अंकाकडे ओढला जातो. ओल्या गोलकाच्या तापमापकावरचे मलमलीचे फडके वेळेवर बदलले नाही, विशेषतः खाऱ्या हवेत, तर आर्द्रता चुकते. हे सगळे घडते, आणि निरीक्षक कामसू व प्रामाणिकच असतात असे सरसकट मी म्हणणार नाही. पण माणसाच्या चुकांचा एक गुण असतो: त्या विस्कळीत असतात, आणि शेजारच्या चार वेधशाळांच्या नोंदींशी ताडून पाहिले की बहुधा उघड्या पडतात. रविवारचा मिळवून सोमवारी लिहिलेला जोडपाऊस कागदावर ओळखू येतो. यंत्राची चूक निराळ्या स्वभावाची असते. ते एकदा दोन-तीन अंशांनी सरकले की दिवसरात्र, न थकता, दशांशापर्यंतच्या आत्मविश्वासाने चुकीचे सांगत राहते. 29 मे 2024 रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने 52.9 अंश सेल्सिअस दाखवले आणि देशातले सर्वोच्च तापमान म्हणून ते जगभर गेले. हवामान खात्याने तपासणी केली तेव्हा संवेदक सुमारे 3 अंश जास्त दाखवत असल्याचे निघाले. लगोलग आमच्या नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले. तेही उपकरणाच्या दोषामुळे, असा खुलासा करावा लागला. या दोन्ही चुका कळल्या कशा? शेजारी तपासून घेतलेले प्रमाण उपकरण होते आणि जुन्या वेधशाळांच्या मालिकेवरून काय शक्य आहे व काय नाही याची जाण होती, म्हणून. आकडा 56 होता म्हणून सापडला; तो अंशाभराने चुकलेला असता तर आजही तक्त्यात बसून असता, आणि तापमानवाढीच्या अभ्यासात अंशाभराचे मोल काय आहे हे वेगळे सांगायला नको.

पावसाच्या बाबतीतही हेच आहे. स्वयंचलित पर्जन्यमापकात बहुधा दोन छोट्या पन्हाळ्यांचे डोलणारे भांडे असते. ठरावीक थेंब साठले की ते कलंडते आणि यंत्र एक आकडा मोजते. रिमझिम पावसात ही रचना छान चालते. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या मुसळधारेत मात्र भांडे कलंडण्याच्या क्षणी पडणारे पाणी मोजणीतून निसटते आणि पाऊस असतो त्याहून कमी दिसतो. नरसाळ्यात पान अडकले, पक्ष्याची विष्ठा साचली, तर यंत्र निमूटपणे कोरडा दिवस नोंदवते. साध्या पर्जन्यमापकात पडलेले पाणी बाटलीत जमा असते. निरीक्षक ते ओतून मोजतो आणि शंका आली तर पुन्हा मोजतो. शिवाय तो शेरा लिहितो: पहाटे गारा पडल्या, शेजारचे झाड तोडले, काल कुंपणाचे काम चालू होते. शंभर वर्षांनी आकडा उलगडायला हा शेरा आकड्याइतकाच उपयोगी पडतो.

तिसरा आक्षेप सर्वांत मर्मभेदी आहे, आणि तो फारसा कुणी मांडत नाही याचे मला आश्चर्य वाटते. जागा तीच म्हणता, पण ती तीच राहिली आहे कोठे? वेधशाळेभोवती इमारती उठल्या, डांबर आले, झाडे वाढली किंवा गेली. तापमापक ठेवायची जाळीदार पांढरी पेटी तीच असली तरी तिच्यातून वाहणारा वारा तो नाही. मग सलगतेचा एवढा गाजावाजा कशासाठी? हे खरे आहे. शहरातील जुन्या वेधशाळांच्या तापमानात शहराची उष्णता मिसळली आहे आणि ती वजा करण्याचे काम अभ्यासकांना करावे लागते. पण ते करता येते, कारण हा बदल हळूहळू झाला आणि त्याचा मागोवा उपलब्ध आहे. याउलट उपकरण एका रात्रीत बदलले की नोंदीत पायरी पडते, आणि पायरी हवामानाची की यंत्राची हे मागाहून सांगणे फार अवघड होते. अमेरिकेने 1980 च्या दशकात हजारो केंद्रांतील लाकडी पेटीतले काचेचे तापमापक काढून विजेवर चालणारे संवेदक बसवले. नंतर अभ्यासातून दिसले की त्या बदलामुळेच कमाल तापमान सरासरी सुमारे 0.4 अंशाने कमी आणि किमान तापमान सुमारे 0.3 अंशाने जास्त नोंदले जाऊ लागले होते. हवेत काहीही घडले नव्हते. ज्या देशाकडे हजारो केंद्रे होती त्याला हा फरक सांख्यिकीने शोधता आला. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्यात शंभर वर्षांची वेधशाळा एकच असते. तिथली पायरी कशाशी ताडणार?

उपग्रह आहेत, रडार आहेत, मग जमिनीवरच्या या जुन्या खटाटोपाला महत्त्व कशाला, असेही म्हटले जाते. दक्षिण ध्रुवावरच्या ओझोनच्या थराला पडलेले भगदाड 1985 मध्ये जगापुढे आणले ते फारमन, गार्डिनर आणि शँक्लिन या तिघांनी, अंटार्क्टिकातील ब्रिटनच्या हॅली केंद्रावर 1950 च्या दशकापासून एकाच प्रकारच्या उपकरणाने घेतलेल्या नोंदींच्या आधारे. त्याच काळात उपग्रह डोक्यावरून फिरत होता आणि त्यालाही ते कमी आकडे दिसत होते. पण अपेक्षेच्या बाहेरचे म्हणून त्यांच्यावर शंकेची खूण पडून राहिली होती. हॅलीच्या मंडळींना खात्री वाटली ती त्यांच्याकडे जवळजवळ तीस वर्षांची स्वतःची मालिका होती म्हणून. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची 1958 पासूनची प्रसिद्ध हवाई बेटांवरची नोंद घ्या. ती सुरू करणाऱ्या कीलिंग यांना पैशांच्या कपातीमुळे 1964 मध्ये काही काळ काम थांबवावे लागले. त्या आलेखात आजही ती छोटी फट दिसते. नेहमीचे, कंटाळवाणे मोजमाप कशाला चालू ठेवायचे, असे विचारणारे तेव्हाही होते.

आणि आपल्याकडे हे प्रश्न केवळ विद्वत्तेचे नाहीत. मोसमी पाऊस मुंबईत 10 जूनला येतो असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. ती तारीख आकाशातून पडलेली नव्हती. 1901 ते 1940 या काळातील 149 केंद्रांच्या नोंदींवरून अशा तारखा ठरवल्या गेल्या होत्या. 2020 मध्ये हवामान खात्याने पुढच्या काळातील नोंदी घेऊन त्या सुधारल्या: मुंबईतील आगमन 11 जून झाले, पण परतीची तारीख 29 सप्टेंबरवरून थेट 8 ऑक्टोबरवर गेली. काढणीला आलेल्या सोयाबीनच्या दृष्टीने परतीच्या पावसाचे असे आठवडाभर लांबणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातला कुठलाही शेतकरी सांगेल. मृग कधी लागतो हे पंचांग सांगते. मृगात पाऊस पूर्वीसारखा पडतो का, हे फक्त वही सांगते.

वहीचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या सरकारी कचेरीत जुन्या पावसाच्या नोंदी पाहायला मिळतील का म्हणून मी गेलो होतो. एका जुन्या कर्मचाऱ्याने मोठ्या आस्थेने मला माळ्यावर नेले. वह्या होत्या, वरच्या दोन-चार चांगल्या होत्या आणि खालच्यांना वाळवी लागून त्यांचा ठोकळा झाला होता. पाने सुटत नव्हती. कुणी मुद्दाम नासधूस केली नव्हती. त्या कामाच्या आहेत असे कुणी सांगितलेच नव्हते. त्या ठोकळ्यातली पंचवीस-तीस वर्षे आता कोणत्याही रडारला किंवा संगणकाला परत आणता येणार नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांतल्या माळ्यांवरची मोडी दप्तरे वाचवत होते, याचा आपल्याला योग्य अभिमान आहे. निजामाशी झालेल्या लढाईचे पत्र वाचवण्याजोगे असेल, तर दुष्काळाच्या साली त्या तालुक्यात आषाढ कोरडा गेला याची सरकारी नोंद वाचवण्याजोगी का नाही?

हे काम आवाक्याबाहेरचे नाही. ब्रिटनमध्ये 2020 च्या टाळेबंदीत रेडिंग विद्यापीठाच्या पुढाकाराने सुमारे 16 हजार स्वयंसेवकांनी घरी बसून पावसाच्या जुन्या हस्तलिखित तक्त्यांतील 52 लाख नोंदी संगणकात उतरवल्या. निवृत्त शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, कुणीही त्यात होते. एकेक आकडा अनेकांनी स्वतंत्रपणे वाचायचा आणि जुळला तर स्वीकारायचा, एवढीच रीत. आपल्याकडे हवामान खात्याचे राष्ट्रीय विदा केंद्र, म्हणजे नोंदींचे भांडार, पुण्यातच आहे. ज्या इमारतीमुळे शिवाजीनगरच्या चौकाला सिमला ऑफिस हे नाव पडले, तेथे 1928 मध्ये खात्याचे मुख्यालयच सिमल्याहून आले होते. देशातल्या नोंदींची परंपरा इतकी जवळ असताना जिल्ह्याजिल्ह्यांतील महसूल कचेऱ्यांतल्या वह्यांची छायाचित्रे काढून ती महाविद्यालयांच्या भूगोल विभागांकडे वाचनासाठी द्यायला कोणती अडचण आहे?

खर्चाचा मुद्दा शेवटी उरतो, आणि निरीक्षकांची पदे रिकामी राहतात हेही खरे आहे. प्रत्येक तालुक्यात माणूस नेमा असे मी म्हणत नाही. पन्नास वर्षांहून अधिक सलग नोंद असलेल्या वेधशाळांची यादी करावी, ती जाहीर करावी, आणि त्या यादीतील ठिकाणी सकाळी साडेआठचे मोजमाप माणसाने, त्याच भांड्याने, त्याच जागी करीत राहावे. तेथे स्वयंचलित केंद्र बसवायचे तर खुशाल बसवावे, पण पेटीतले तापमापक काढण्यापूर्वी दोन्हींचे आकडे काही वर्षे एकाच पानावर लिहिले जावेत, आणि संवेदक कोणता, कधी बदलला, कुणी तपासला, कुंपणापासून किती अंतरावर आहे, याची नोंद आकड्यांबरोबरच लोकांना पाहायला मिळावी. जागा सोडणे भागच असेल, रस्ता किंवा इमारत खरोखर अटळ असेल, तर नवी जागा आधी आणि जुनी नंतर, हा क्रम ठरलेला असावा. मूस यांच्यापुढे ट्राम होती, आणि तिच्या आधी त्यांनी दोन वर्षे मागून घेतली. वह्यांचे काम मात्र त्याहून घाईचे आहे. दर पावसाळ्यात दमट माळ्यांवर काही पाने एकमेकांना चिकटतात, तेव्हा छायाचित्रे काढायची ती फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत, आणि सुरुवात तळाच्या वहीपासून करायची.